ऑपरेशन थिएटरातल्या खडावा

तमाम लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, ज्या कोल्हापूरच्या चपला पायात घालून उभा देश मिरवतो, त्याच कोल्हापुरातल्या एका इस्पितळात, देश स्वतंत्र होऊन चांगली काही वर्षं लोटली तरी, आम्ही ऑपरेशन थिएटरातल्या नर्सा अनवाणी होतो. ही बाब इतिहासात कुठंही नोंदलेली नाही. इतिहासकारांना सवड नसेल. मला आहे. शिवाय त्या अनवाणी पायांपैकी दोन माझे स्वतःचे होते, त्यामुळे माझं म्हणणं अगदी पायाभूत आहे.

वॉर्डात आम्ही पांढरे कॅनव्हासचे बूट घालायचो. पण थिएटरच्या दारात आलं की बूट काढायचे, पाय धुवायचे आणि आत जायचं. बाहेर बाकाखाली बुटांची रांग लागायची. एखादा नवखा माणूस तिथं आला तर आत कीर्तन चाललंय असं समजून तोही चपला काढून उभा राहायचा.

थिएटर या शब्दाचाही एक घोटाळा होता. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव. प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असा होता, की जो कुठल्याशा पिक्चरमध्ये भाला धरून उभा राहिला होता. माझी आजऱ्याची आत्या एकदा घरी आली आणि आईनं कौतुकानं सांगितलं, "पोरगी थेटरात लागली." आत्यानं हातातला लाडू ताटात ठेवला. गावी परत जाऊन तिनं ही बातमी अशा आवाजात सांगितली, की माझं एक ठरत आलेलं लग्न मोडलं. पुढच्या दिवाळीला आत्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "पिक्चर कुठला गं तुझा?" मी म्हटलं, "रोज नवा असतो, आत्या. पण नायक बहुतेक वेळा झोपलेलाच असतो."

असो. आमचं थिएटर म्हणजे उंच छताची एक लांबट खोली. खाली शहाबादी फरशी. प्रत्येक ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ती फिनेलच्या पाण्यानं धुतली जायची, म्हणजे ती सदाची ओलीच. त्यात साबणाचं पाणी, सलाईनचे थेंब, रक्त. आणि काच. काचेचं जरा समजावून सांगते, कारण सगळं रामायण तिच्यामुळं झालं. त्या काळी आतले टाके घालायचा दोरा बंद काचेच्या नळीतून यायचा. नळी फडक्यात धरायची, कट्‌कन मोडायची आणि आतला दोरा चिमट्यानं काढून द्यायचा. डॉक्टर "दोरा!" म्हणाले की तो तिथल्या तिथं हवा. घाईत मोडलेल्या नळीच्या ठिकऱ्या फडक्यातून निसटायच्या आणि फरशीवरच्या पाण्यात जाऊन बसायच्या. पाण्यात काच डोळ्याला दिसत नाही. पायाला मात्र बरोबर सापडते.

आता तुम्ही म्हणाल, मग आम्ही अनवाणी का? तर आमचे सर्जन. उंचीनं बुटके, हातानं विलक्षण हलके, आणि बोलण्यात पुण्याची धार. विलायतेत ते जंतू शिकले होते आणि घरी आईकडून सोवळं शिकले होते. दोन्हींत स्वच्छताच सांगितलेली असल्यामुळं, या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. "थिएटर म्हणजे देवघर," ते म्हणायचे. "देवघरात पायताण घालून कोणी जातं का?" हे ते आम्हाला म्हणायचे, वॉर्डबॉयला म्हणायचे, आणि ऑपरेशनला आलेल्या पेशंटलाही दारातच ऐकवायचे. त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपल्याला बहुतेक प्रसादच मिळणार.

ते स्वतःही अनवाणीच असत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. फरक एवढाच, की उंची कमी असल्यामुळं ते टेबलाशी एका चौरंगावर उभे राहायचे. घरी पूजेला असतो तसला लाकडी चौरंग, फक्त दणकट. एकदा ते चौरंगावर चढले की ऑपरेशन संपेपर्यंत उतरत नसत. खाली पाणी वाहो, काच पडो, साहेब कोरडे. आम्ही मात्र त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालत असू. आमच्यातली एक म्हणायचीच, "कलश आणि आंब्याची पानं तेवढी ठेवायची राहिलीत."

ही म्हणणारी आक्का. ती सगळ्या इस्पितळाची आक्का होती. मुरगूडकडच्या शेतकरी घरातली, थोराड हाडाची, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडचा बैल थांबेल. थिएटरात हळू बोलायचा नियम होता म्हणून ती कुजबुजायची, आणि ती कुजबूज बाहेर टांगेवाल्यांना ऐकू जायची. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं ती "मी आलो, मी गेलो" असंच बोलायची. साहेब नवे होते तेव्हा दाराआडून "मी येतो, सायेब" असं ऐकून त्यांनी दोनदा पुरुष वॉर्डबॉयची वाट बघितली होती.

पण हत्यारं द्यायला आक्का उभी राहिली की बघत राहावं. साहेबांचा तळहात नुसता उघडायचा आणि त्यात हवा तो चिमटा आलेला असायचा. थिएटर हा तिचा जीव होता. सुट्टीच्या दिवशीही ती काहीतरी निमित्त काढून यायची आणि कात्र्यांना उगाच तेल लावून जायची.

एक दिवस आक्काच्या अंगठ्यात काच गेली. ती काढली, पट्टी बांधली आणि ती परत कामाला उभी राहिली. दोन दिवसांनी अंगठ्याचं वांगं झालं, ताप चढला, आणि आक्का स्वतःच्याच वॉर्डात आडवी झाली. पेनिसिलीनची इंजेक्शनं चालू झाली. तेव्हा ती दर थोड्या वेळानं टोचावी लागत. आक्का प्रत्येक सुईला आमच्या पिढ्या उद्धरायची, त्यावरून ती बरी होतेय हे आम्हाला कळायचं.

बरी होऊन आली तेव्हा आमच्या मॅट्रनबाईंनी तिला बोलावलं. उंच, शांत बाई. मिरजेकडच्या. त्या रागावल्या की आवाज आणखी खाली जायचा. त्या म्हणाल्या, "हे बघ, अंगठा वाचला ते नशीब. पुन्हा पायाला लागलं तर मी तुला थिएटरात ठेवणार नाही. कपड्यांच्या खोलीत बसशील. चादरी मोजशील. पाय गेला तर तुझ्या आईला तोंड मी दाखवायचं आहे."

"चादरी?" आक्का म्हणाली. "चादरी काय पळून जात्यात व्हय, त्या मोजायला?"

एवढं बोलून ती बाहेर आली आणि हत्यारं उकळायच्या खोलीत जाऊन गप्प बसली. आक्का ओरडली की आम्हाला काही वाटत नसे. आक्का गप्प बसली तेव्हा आम्ही घाबरलो. फरशी तीच, काच तीच, आणि पुन्हा पाय कापणार नाही याची हमी कोण देणार? आज ना उद्या ती चादरींत जाणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मग आम्ही साहेबांकडं गेलो. मी पुढं, आक्का मागं. मी अर्ज-विनंतीच्या सुरात म्हटलं, की आम्हाला थिएटरात पायात काहीतरी घालू द्यावं.

"खाली बघून चालत जा," साहेब म्हणाले.

"खाली बघिटलं तर वर कोण बघणार, सायेब?" आक्का मागून म्हणाली. "तुमचा चिमटा काय फरशीवर असतोय?"

"सिस्टर, चपलेबरोबर रस्त्यावरचं शेण आत येतं."

"आतल्या आतच ठेवल्या तर?" मी म्हटलं. "बाहेर न जाणाऱ्या, वेगळ्या?"

साहेबांनी थोडा विचार केला. मग नियम सांगितला. "जे उकळत नाही, ते माझ्या थिएटरात येत नाही. हत्यारं उकळतात, भांडी उकळतात. चप्पल उकळून दाखवा."

साहेबांच्या मते वाद संपला होता. आक्काच्या मते आत्ता कुठं सुरू झाला होता.

ती तडक चपलांच्या गल्लीत गेली. एक अट तिनं आधीच घातली, की लोखंडाचा खिळा नको. कारण भूल द्यायला ईथर वापरायचे, त्याची वाफ जमिनीलगत पसरते, आणि फरशीवर खिळा घासून ठिणगी उडाली तर पेशंट, सर्जन आणि देवघर सगळंच एकदम वर जाणार. चपलावाला दुखावला. "खिळा? आमच्या चपलंत? ओ ताई, चामड्याच्या वादीनं शिवलीया. शंभर वर्षं झाली घराण्याला, एक खिळा मारला असंल तर दाखवा."

जोड घेऊन ती आली. नवा कोरा, रस्ता न बघितलेला, आणि पाऊल टाकलं की असा करकरणारा की चार घरांपलीकडं कळावं पाटील निघाले. आम्ही तो उकळत्या पाण्यात सोडला, झाकण ठेवलं आणि बाजूला उभ्या राहिलो. थोड्या वेळानं वास सुटला. वर्णन करत नाही, तुम्ही जेवून वाचायला बसला असाल. मॅट्रनबाई नाकाला रुमाल लावून दारात आल्या.

"आज काय शिजतंय इथं?"

"पायताण, बाई," आक्का म्हणाली.

मॅट्रनबाईंनी भांड्यात डोकावून बघितलं. "मीठ घातलंस का?"

झाकण काढलं तेव्हा आत चपला नव्हत्याच. उन्हात वाळवलेल्या आंब्याच्या फोडी असाव्यात तशा दोन काळ्या सुरकुतलेल्या वस्तू होत्या. आक्कानं एक चिमट्यानं उचलली आणि प्रेत ओळखायला आणलेल्या नातेवाइकासारखी तिच्याकडं बघत राहिली.

मला खडावा सुचल्या त्या आमच्या गल्लीत. आमच्या समोर एक म्हातारे शास्त्रीबुवा राहायचे. रोज सकाळी विहिरीवर आंघोळ करून, ओलेत्यानं, कोणाला शिवू न देता ते देवघराकडं जायचे. त्या दिवशी मी दात घासत उंबऱ्यात उभी होते आणि ते नेहमीप्रमाणं टाक्‌ टाक्‌ करत गेले. लहानपणापासून तो आवाज मी ऐकत होते, पण ऐकला त्या दिवशी. सोवळ्यातला माणूस! आणि पायात खडावा! म्हणजे सोवळ्याला चामडं चालत नाही, लाकूड चालतं. आणि लाकूड उकळतं! मी तोंडातली राखुंडी तशीच ठेवून "लाकूड! लाकूड!" करत आईकडं धावले. आईला वाटलं, शास्त्रीबुवा गेले.

सुताराकडं गेलो आम्ही दोघी. त्यानं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "एवढ्या खडावा? मठ काढताय काय बायांनो?"

"व्हय," आक्का म्हणाली. "तू येतोस काय चेला व्हायला? आधी डोस्कं भादरावं लागंल."

"आणि बोटातली खुंटी लाकडाचीच हवी," मी म्हटलं. "खिळा मारायचा नाही."

"खिळा मारला तर?"

"तर पयला तुला टेबलावर घेतो," आक्का म्हणाली.

खडावा उकळल्या. पाण्याला चहाचा रंग आला, लाकूड किंचित फुगलं, पण तडा गेला नाही. दुसऱ्या दिवशी साहेब हात धुवायला उभे होते, कोपरापर्यंत साबण लावलेला, आणि थिएटरात आमची मिरवणूक शिरली. टाक्‌ टाक्‌, टाक्‌ टाक्‌. साहेब वळले.

"हे काय?"

"खडावा, साहेब," मी शक्य तेवढ्या सोज्वळपणे म्हटलं. "उकळलेल्या. आणि देवघरात चालतात."

साहेबांनी वाकून खडावांकडं बघितलं. त्यांच्या घरीही वडील खडावा घालत असणार, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ वाचता येत होतं. "कल्पना कोणाची?" एवढंच त्यांनी विचारलं.

"शास्त्राची," आक्का म्हणाली.

पहिले काही दिवस मोठे बहारीचे गेले. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलेला एक पेशंट जागा होता. मी टाक्‌ टाक्‌ करत त्याच्या मागून आले, तर त्यानं डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, आलासा? पोराला नोकरी लागू दे." मी काय करणार? तथास्तु म्हटलं.

पण ओल्या फरशीवर गुळगुळीत लाकूड म्हणजे काय हे आम्हाला अजून कळायचं होतं. ते मला कळलं. हातात हत्यारांचं तबक घेऊन मी वळले, पाय थांबले नाहीत, आणि मी ताठ उभी, तबक ताठ, चेहरा ताठ, अशी टेबलाच्या एका टोकापासून भिंतीपर्यंत तरंगत गेले. वाटेत चौरंगावरच्या साहेबांना मी मान लववून नमस्कार केला, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. भिंतीला लागून थांबले. तबकातली एक सुईसुद्धा हलली नव्हती.

यावर उपाय सायकलच्या दुकानात सापडला. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या आणि खडावांच्या तळव्याखालून घट्ट बांधून टाकल्या. घसरणं बंद. आवाजही बंद. ट्यूब उकळतेही. आणि हे सगळं करता करता आक्काला काचेचंही सुचलं. तिनं एक मोठं पांढरं तसराळं आणून टेबलाशेजारी ठेवलं आणि फर्मान काढलं, की नळी मोडायची ती तसराळ्यावर धरूनच. फडक्यातून निसटलेली ठिकरी भांड्यात पडेल, फरशीवर नाही. "भाईर काच दिसली," ती म्हणाली, "की त्या दिवशी माझ्याशी गाठ हाय." इतकी साधी गोष्ट, आणि तोवर कोणी केली नव्हती. मला वाटलं, झालं, आक्का वाचली.

दोन-तीन दिवसांनी साहेब एकदम थांबले. "आवाज का येत नाही?"

ते चौरंगावरून वाकले आणि माझ्या पायाकडं बघितलं. "खाली काय लावलंय? रबर?"

"घसरायला होतं, साहेब."

"लाकूड होतं तोवर ती खडाव," साहेब म्हणाले. न्यायाधीशाला लाजवेल असा तो स्वर होता. "रबर लावलं की ती चप्पल झाली. देवघरात चप्पल नाही. सोमवारपासून काढून टाका."

"मग परत नुसत्या खडावा घालू?"

"तो आवाज मी ऐकून घेणार नाही. परवा टाके घालताना माझा हात तुमच्या तालावर चालायला लागला होता."

म्हणजे रबर लावलं तर चप्पल, काढलं तर तबला. सोमवारपासून पुन्हा अनवाणी. मी मॅट्रनबाईंकडं धावले. त्यांनी सगळं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. "थिएटरात मी साहेबांच्या वर नाही," त्या म्हणाल्या. "पण अनवाणी उभी राहणार असेल, तर काच लागायची वाट मी बघणार नाही. सोमवारी आक्का कपड्यांच्या खोलीत. मला तिचा पाय हवाय, तिचा राग चालेल."

आक्काला सांगितलं तेव्हा तिनं वाद घातला नाही. शनिवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली. मी पोचले तेव्हा एकेक कात्री पुसून, उजेडात धरून, परत जागेवर ठेवत होती. "नव्या पोरीला सांग," मला म्हणाली, "ही वाकडी कात्री सायेबास्नी डाव्या अंगानं द्यायची. उजवीकडनं दिली की वसकन अंगावर येत्यात." मी हो म्हटलं आणि पाणी बघायला गेले. पाणी चांगलं उकळत होतं. तरी मी बराच वेळ बघत राहिले.

त्या शनिवारचा पेशंट कागलकडचा गुऱ्हाळवाला. आडदांड गडी, हर्नियाचं ऑपरेशन, पाठीत इंजेक्शन, म्हणजे जागाच राहणार. पायात नव्या चपला, जावयाला दिल्यासारख्या चकचकीत. दारात साहेबांचं देवघर त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देवघर म्हंताय ते बराबर हाय. पर देवळाच्या भाईरनंच तर चपला जात्यात की, सायेब!"

"इथं कोणी नेणार नाही."

"मानूस न्हाय न्हेणार. पर ते बाकाखाली कुत्रं बसलंय, त्याचं काय?"

कुत्र्याला हाकललं, चपला बाकाखाली ठेवल्या, त्याला टेबलावर घेतलं. छातीशी आडवा पडदा लावला, कमरेखालचं बधिर झालं, ऑपरेशन सुरू झालं. पडद्यापलीकडून तो अधूनमधून विचारतच होता, "ओ ताई, कुत्रं आलं का बघा की." मी त्याच्या कपाळावर हात ठेवून "नाही आलं" म्हणत होते.

टाके घालायची वेळ आली. साहेबांनी हात पुढं केला. आक्का नळी घेऊन तसराळ्याकडं वळली.

"दोरा आज मिळणार आहे की उद्या?" साहेब म्हणाले, आणि दुसरी नळी स्वतःच उचलून त्यांनी चौरंगावर उभ्या उभ्या कट्‌कन मोडली. काच खाली पडल्याचा बारीकसा आवाज आला. आक्कानं तिकडं बघितलं.

शेवटचे टाके राहिले होते, आणि चौरंग मोडला. इतकी वर्षं फिनेलचं पाणी पिऊन त्याचा पुढचा पाय आतून कुजला होता. आधी "कर्र" असं झालं, मग साहेब पुढं कलले आणि एक पाय फरशीवर टेकून उभे राहिले. मानलं पाहिजे, दोन्ही हात त्यांनी वरच धरले, कशालाही लावू दिले नाहीत. पण टेकलेला पाय पडला तो बरोबर त्यांनीच मोडलेल्या काचेवर.

"आई गं!" आमचे सर्जन म्हणाले.

ते एका पायावर उभे, दुसरा पाय वर, दोन्ही हात वर. देवघरात मूर्ती आली होती, फक्त पूजा करायचं कुणाला सुचत नव्हतं. कारण टेबलावर पोट उघडं, साहेबांना पाय टेकता येत नाही, आणि हात लावून कुणाला धरता येत नाही.

आक्कानं हातातलं हत्यार सोडलं नाही. नुसते पाय हलवले. रबराच्या पट्ट्या बांधलेल्या खडावा काढल्या, आणि पायानंच एकेक करून साहेबांच्या पुढ्यात सरकवल्या.

"पाय घाला, सायेब."

"आणि तुम्ही, सिस्टर?"

"माझं मी बघतो. आधी त्याचं प्वाट शिवा."

ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी, भोवती काच. माझ्या खडावा तिला द्यायला मी पुढं पाऊल टाकलं तशी तिनं नुसत्या डोळ्यांनी मला थांबवलं. मग मी कपाटातली चादर काढली, घडी तशीच ठेवून फरशीवरून तिच्याकडं सारली, आणि ती अलगद त्या घडीवर चढली. चादरी मोजायच्या आधी एक चादर कामाला आली.

वॉर्डबॉयनं साहेबांच्या तळव्यातली ठिकरी चिमट्यानं काढली आणि साहेबांनी खडावांत पाय घातले. आता टेबल उंच पडत होतं. कुणीतरी टेबलाखालचा दांडा फिरवला आणि टेबल सावकाश खाली आलं. ते खाली येतं, हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो. चौरंगाची सवय, दुसरं काय. साहेबांनी उरलेले टाके घातले. आक्कानं वाकडी कात्री डाव्या अंगानं दिली. थिएटरात आवाज म्हणून नव्हता.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला मध्ये काही यायला नको. आक्का कपड्यांच्या खोलीत कधीच गेली नाही. निवृत्त होईपर्यंत ती थिएटरातच हत्यारं देत राहिली, दोन्ही अंगठ्यांसकट. आमच्यामागून आलेल्या पोरींना रबरी सपाता मिळाल्या. तसराळ्यावर नळी मोडायची पद्धत त्यांना इतकी अंगवळणी पडली, की ती कधी कुणीतरी सुरू केली असेल हे त्यांना खरंच वाटत नाही. चौरंगाची फळी मॅट्रनबाईंनी मागून घेतली आणि तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

तर त्या शनिवारी. शेवटची गाठ मारून साहेबांनी कात्री खाली ठेवली. त्यांनी आधी आपल्या पायातल्या खडावांकडं बघितलं, मग आक्काच्या चादरीवरच्या पायांकडं. अंगठ्यावरचा वण तिथून चांगला दिसत होता. मग घसा साफ करून म्हणाले, "सिस्टर, सोमवारी ते रबर काढू नका. या आतच राहू देत, सगळ्यांच्या. चपला म्हणा, खडावा म्हणा. आणि माझ्या मापाचा एक जोड सांगा सुताराला."

आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात "व्हय, सायेब" म्हटलं. आणि त्या शांततेत, मघापासून सगळं कान देऊन ऐकत पडलेला आमचा गुऱ्हाळवाला पडद्यामागून एकदम ओरडला:

"म्हंजी चपला चालत्यात व्हय आत? मग माझ्या बी आणा की! मघाधरनं बोंबलायलोय, भाईर कुत्रं हाय म्हणून!"